एका खाडीत चार पावसाळे: कमी लेव्हलची, संथ कॅम्पेन कशी चालवावी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून कॅरेक्टर रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) येते, तिसरी ९००ला, चौथी २७००ला आणि पाचवी ६५००ला. आता २०१४च्या नियमांतलं दिवसाचं बजेट याच्या शेजारी मांडा. पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरला एका दिवसात ३०० एक्सपीच्या लढाया झेपतात, दुसऱ्या लेव्हलला ६००च्या, तिसऱ्या लेव्हलला १२००च्या आणि चौथ्या लेव्हलला १७००च्या. म्हणजे पहिली लेव्हल एका दिवसात संपते, दुसरीही एका दिवसात, तिसरी दीड दिवसात आणि चौथी सव्वादोन दिवसांत. शत्रू जास्त असले की बजेटमधले आकडे फुगवून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो. तरीही सोमवारी वाडीतून कोयता घेऊन निघालेला पोरगा पुढच्या आठवड्यात दोन वार करायला लागतो आणि त्याच्यासोबतची मुलगी ८डी६चा (सहा बाजूंच्या आठ फाशांचा), म्हणजे सरासरी २८ डॅमेजचा फायरबॉल टाकते. वाडीत परत जायचं कारणच मग त्यांना उरत नाही.

हे थांबवायचं म्हणून बरेच डीएम (खेळ चालवणारे) एक्सपी कापतात आणि तिथेच फसतात. लेव्हल थांबवली तर तिच्या जागी दुसरं काहीतरी वाढलं पाहिजे, आणि ते वाढताना खेळाडूंना दिसलं पाहिजे. ते दिसायला जग लहान लागतं आणि ओळखीचं लागतं. कोकणातली एक खाडी यासाठी अगदी योग्य मापाची आहे. खाली तिथल्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एका गोष्टीचा, सगळा आराखडा दिला आहे. आकडे पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या नियमांतले आहेत. दुसरी पद्धत खेळत असाल तर प्रमाण तेवढं घ्या.

वेग आधी ठरवा

महिन्यातून दोन सेशन (खेळाच्या बैठका), प्रत्येकी तीन तास, असं धरून चाला. गणपती, शिमगा आणि मे महिना यांत अर्धी मंडळी गावाला जाणारच. तेव्हा वर्षाला वीस सेशन पदरात पडतात. दर दहा सेशनना खेळातलं एक वर्ष संपतं आणि पावसाळा येतो. लेव्हल वाढते ती फक्त पावसाळ्यात.

याला अपवाद पहिल्या लेव्हलचा, ती तीन सेशनमध्ये संपवा. संथपणाच्या हौसेने तिला वर्षभर ताणणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचं मरण खेळाडूच्या निर्णयाने येत नाही, फाशाच्या एका पडण्याने येतं. चौथ्या ते दहाव्या सेशनपर्यंत दुसरी लेव्हल. पहिल्या पावसाळ्यात तिसरी, आणि ती मात्र दोन वर्षं धरून ठेवा. तिसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे तिसाव्या सेशननंतर, चौथी. चौथ्या पावसाळ्यात पाचवी द्यायची की नाही, ते पुढे बघू.

तिसरीवर मुक्काम का? २०२४च्या नियमांत सगळ्या क्लासना (योद्धा, जादूगार अशा कॅरेक्टरच्या प्रकारांना) सबक्लास, म्हणजे त्या प्रकारातली खास शाखा, तिसऱ्या लेव्हलला मिळतो, आणि जुन्या नियमांतही बहुतेकांना तिथेच मिळतो. त्यामुळे कॅरेक्टरचा चेहरा पुरता उमटलेला असतो, चार-पाच गोष्टी करता येतात, आणि तरीही अंधारात सहा माणसं समोर आली तर पळावंसं वाटतं. खेळातली सगळ्यात गोड जागा हीच आहे असं आमचं ठाम मत आहे.

एक्सपीची गरज तिप्पट करणं हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने खेळाडू लढाया शोधत फिरतात, कारण एक्सपी तिथेच मिळतात. याच खेळाच्या १९८१च्या बेसिक नियमांत याच्या उलट होतं. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० एक्सपी लागत, पण आणलेल्या खजिन्याच्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी मिळे आणि राक्षस मारून फारच थोडे. तिथे शहाणा खेळाडू लढाई टाळून माल आणायचा. एक्सपी मोजायचेच असतील तर ही पद्धत घ्या आणि आपल्या बंदरात सुखरूप उतरवलेला माल मोजा.

खाडीचा नकाशा

एक पान, एक खाडी. तोंडाशी वाळूचा दांडा आणि त्याच्या वर किल्ला. आत बंदर, दोन वाड्या, एक खाजण, कांदळवन. वर कातळाचा सडा, त्याच्या कडेला देवराई. शेवटी घाटाची पायवाट. एवढ्या नऊ-दहा जागा दोन वर्षं पुरतात. प्रत्येक जागी नाव असलेली दोन माणसं ठेवा, आणि त्या दोघांचं एकमेकांशी काहीतरी बिनसलेलं असू द्या.

अंतरं मैलांत लिहू नका, वेळेत लिहा, आणि ती वेळ भरती-ओहोटीला बांधा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी, आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. दर बंदराची वेळ थोडी पुढेमागे असते, पण खेळाला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग (लहान भरती).

सेशनच्या सुरुवातीला तिथी ठरवा: डी१५ (पंधरा बाजूंचा फासा) नसतो म्हणून डी२० टाका, १६ ते २० आले तर पुन्हा टाका. आलेली तिथी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मध्ये ठेवा. आता नियम: दांड्यावरून होडी फक्त भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तास जाते. खाजणातून पायी फक्त ओहोटीला जाता येतं. उधाणाला बंदराच्या धक्क्यावर पाणी चढतं. एवढ्यावर दुसऱ्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंची टोळी) घड्याळाकडे बघत घामाघूम होते. अष्टमीला सकाळी सहाची भरती चुकली तर पुढची संध्याकाळी साडेसहाच्या आतबाहेर, आणि मधले बारा तास पाठलाग करणारे खाडीतच आहेत. याला एकही राक्षस लागला नाही.

किल्ल्याचा विचार करताना पाण्याकडे आधी बघा. मालवणजवळचा सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला. चहूबाजूंनी खारं पाणी असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या त्याच्या विहिरींना गोडं पाणी आहे. तुमच्या खाडीतल्या किल्ल्याला अशी एकच विहीर द्या आणि एक दिवस ती मचूळ होऊ द्या. कोणी काय टाकलं, की भिंत कुठे फुटली, की कुणाचा नवस राहिला? चार सेशन यावर आरामात जातात. पार्टीला आत उतरायचं असेल तर दोरखंड लागेल, दोरखंडाला काथ्या लागेल, आणि काथ्या ज्याच्याकडे आहे त्याच्याशी गेल्याच महिन्यात भांडण झालेलं असेल.

शत्रू किती आणि कसले

चार खेळाडू, पहिली लेव्हल: २०० एक्सपीची लढाई मध्यम, ३०० अवघड, ४०० जीवघेणी. बँडिट, म्हणजे आपल्याकडचा चाचा (दर्यावरचा लुटारू) किंवा वाटमाऱ्या, २५ एक्सपीचा आणि ११ हिट पॉइंटचा (जीव मोजायचे गुण). चौघांचे १००, पण तीन ते सहा शत्रूंना दुप्पट धरायचं म्हणून २००: मध्यम. सहा जणांचे ३००: अवघड. आठ जणांना अडीचपट लागते, म्हणजे ५००: जीवघेण्याच्याही पुढे. दोनच माणसं वाढली आणि लढाई एका टोकाला गेली. कमी लेव्हलला शत्रूच्या ताकदीपेक्षा त्यांची संख्या मारते, कारण त्यांच्या वाट्याला वार जास्त येतात.

दुसरा हिशेब एका फटक्याचा. सात हिट पॉइंटच्या विझार्डला एकाच फटक्यात १४ डॅमेज झालं, तर शून्यावर येऊन उरलेलं सात त्याच्या कमाल हिट पॉइंटएवढं होतं आणि तो जागीच मरतो. तीन डेथ सेव्हची, म्हणजे फासे टाकून जीव वाचवायची, संधी मिळतच नाही. बँडिटचा कोयता (नियमांतली सिमिटर) १डी६+१चा आहे. क्रिटिकल (फासा २० पडून दुप्पट फाशांचा फटका) लागला तर जास्तीत जास्त १३, म्हणजे पूर्ण तब्येतीतला विझार्ड वाचतो. पण त्याच बँडिटकडची लाइट क्रॉसबो १डी८+१ची. तिचा क्रिटिकल १७पर्यंत जातो. म्हणून पहिली तीन सेशन क्रॉसबो काढून घ्या. ऑर्कची मोठी कुऱ्हाड तर क्रिटिकलला सरासरीच १६ मारते, ती दुसऱ्या लेव्हलपर्यंत नकाशावर नको.

जनावरं वापरा आणि ती जनावरांसारखी वागू द्या. बिबट्याला पँथरचे आकडे लावा: १३ हिट पॉइंट, ५० एक्सपी. तो गोठ्यातली शेळी न्यायला येतो, चार माणसांशी झुंजायला येत नाही. सहा हिट पॉइंट गेले की पळतो. खाडीच्या वरच्या अंगाला मगर, १९ हिट पॉइंट आणि १०० एक्सपी. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा हे काही आणलेलं सोंग नाही. सड्यावरच्या दगडाखाली फुरसं: त्याला विषारी सापाचे आकडे पुरतात, चावा १ आणि विष २डी४, कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) सेव्हला १० आले तर निम्मं. सात हिट पॉइंटवाल्याला ते बहुधा मारत नाही, पण रात्री सड्यावर कंदिलाशिवाय चालायचं नाही हे तो कायमचं शिकतो.

देवचार, राखणदार, वेताळ यांना आकडे देऊ नका. हे मारायचे प्राणी नाहीत. राखणदाराच्या हद्दीतून जाताना नारळ ठेवला का, गाऱ्हाणं घातलं का, एवढंच बघा. ठेवला असेल तर त्या रात्रीच्या एका फाशाला ॲडव्हान्टेज (दोनदा टाकून मोठा आकडा), विसरलात तर एका फाशाला डिसॲडव्हान्टेज (दोनदा टाकून लहान आकडा), आणि तो फासा कोणता हे डीएम ठरवेल. चकवा लागला तर विजडमचा सर्व्हायव्हल चेक, अवघडपणा १३. प्रत्येक अपयशाला एक तास जातो. हा तास भरतीच्या हिशेबातून कापा, मग चकव्याची खरी भीती कळते. खाडीच्या डोहाशी गिऱ्हा हाका मारतो, त्याला मात्र सेव्ह ठेवायला हरकत नाही. टेबलावरच्या कुणाच्या घरी हे सगळं आजही मानलं जात असेल, तर पहिल्या सेशनआधी त्याला विचारा. कोणती नावं घ्यायची नाहीत ते तो सांगेल, आणि ते ऐका.

विश्रांती

इथे डीएमच्या मार्गदर्शिकेतला पर्यायी नियम घ्या: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. शॉर्ट रेस्ट म्हणजे कुठेही सुरक्षित काढलेली रात्र. लाँग रेस्ट फक्त वाडीत, छपराखाली, पेज-भात देणारं कुणी असेल तिथेच. या एका नियमाने जखमेला वजन येतं आणि वाडीशी संबंध टिकवणं भाग पडतं.

त्याचे तोटेही आधीच बुजवा. मेज आर्मर या संरक्षणाच्या स्पेलचं (मंत्राचं) कवच आठ तासांचं असतं. सात दिवसांच्या लाँग रेस्टपुढे ते फुकट जातं. आठ तास किंवा जास्त चालणारी स्पेल दुसऱ्या शॉर्ट रेस्टच्या शेवटापर्यंत टिकतात असं ठरवा. वॉरलॉकला शॉर्ट रेस्टवर स्पेल परत मिळतात, म्हणून या पद्धतीत तो विझार्डपेक्षा वरचढ होतो. खेळाडूंना हे क्लास निवडतानाच सांगा.

गुडबेरी ही स्पेल मात्र अख्खी टंचाई मोडते. दहा फळं आणि एका फळात माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. स्पेल बंद करू नका. त्याला मिसल्टोची डहाळी लागते, आणि आपल्याकडे आंब्यावरचं बांडगूळ तसंच. मूळ नियमांत डहाळी खर्च होत नाही. इथे दर वेळी एक खर्च होते असं ठेवा. आंब्याला मालक असतो. त्याला विचारून चढायचं किंवा रात्री चोरून. पोट भरण्याचा प्रश्न पुन्हा माणसांशी जोडला गेला.

लेव्हलच्या जागी काय वाढतं

पैसा आधी. दर सेशनला अख्ख्या पार्टीला २५ ते ३० सोन्याची नाणी, त्याहून जास्त नको. नियमांत रो-बोट, म्हणजे वल्ह्यांची नाव, ५० नाण्यांची आहे, ती आपली होडी. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला ती येते आणि टेबलावर जो आनंद होतो तो जादूच्या तलवारीने होत नाही. होडीला नाव द्यायला लावा. कीलबोट ३००० नाण्यांची, तिला मचवा समजा. दहा सेशनची सगळी कमाई ३००च्या आसपास, तेव्हा साठवून मचवा येत नाही. भांडवल कुणीतरी व्यापारी घालणार, कमाईचे वाटे पडणार, मचव्याचा वाटा वेगळा निघणार. सगळ्या कॅम्पेनचा कणा इथे मिळतो, कारण भांडवल घालणाऱ्याला कधीतरी नको तो माल वाहून हवा असतो.

कौशल्य वापराने वाढू द्या. १९७८च्या रूनक्वेस्ट या दुसऱ्या खेळात लेव्हल नव्हत्याच: कौशल्य यशस्वी वापरलं की पुढे खूण करायची आणि नंतर टक्क्यांचा फासा आपल्या कौशल्याच्या वर पडला तर ते वाढायचं. जितकं जास्त येतं तितकं शिकणं अवघड. पाचव्या आवृत्तीत हे असं बसवा: ज्या स्किलमध्ये प्रोफिशियन्सी (नियमांतलं प्रावीण्य) नाही ते अडचणीच्या प्रसंगी यशस्वी झालं तर एक खूण, सेशनला जास्तीत जास्त एक. आठ खुणा झाल्या की येत्या पावसाळ्यात डी२० टाकून १२ किंवा वर आणा. आले तर प्रोफिशियन्सी, नाही तर खुणा तशाच राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा प्रयत्न.

मान वेगळा लिहा. दोन वाड्या, किल्ला, बंदर आणि देवस्थान, अशा पाच रांगा. प्रत्येकी उणे तीन ते अधिक तीन. अधिक एकला तुम्हाला ओट्यावर बसवतात. अधिक दोनला माजघरात घेतात आणि खरी गोष्ट सांगतात. अधिक तीनला तुमच्यासाठी खोटं बोलतात. ही पायरी चढायला एक सेशनभर केलेलं काम लागतं, आणि एका रांगेत चढलात की बहुतेक वेळा दुसऱ्या रांगेत एक घसरता. हा कागद खेळाडूंसमोर उघडा ठेवा. लपवला तर वाढ दिसत नाही, आणि दिसली नाही तर ती नाहीच.

जादूच्या वस्तू देताना हात आखडता ठेवा. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरला +१ची तलवार दिली की अडवलेली लेव्हल मागच्या दाराने आत आली. त्याऐवजी एकदाच वापरता येणाऱ्या गोष्टी द्या: वाऱ्याची दिशा एकदा फिरवणारा शंख, गुरवाने बांधून दिलेला एक धागा जो एक डेथ सेव्ह वाचवतो आणि तुटतो.

पावसाळा

दर दहावं सेशन आगोटीचं. त्यात लढाई नाही. पार्टीने बेगमी करायची: भात, मीठ, सुकी मासळी, सरपण, घराची शाकारणी, होडी वर ओढून झापांनी झाकणं. या सहांपैकी पैशात आणि दिवसांत चारच बसतील असा हिशेब ठेवा आणि कोणत्या दोन सोडायच्या ते त्यांना भांडू द्या. भात सोडला तर उसनवारी, म्हणजे एका रांगेत मान एकने खाली. होडी उघडी राहिली तर दुरुस्तीला २० नाणी. शाकारणी राहिली तर पावसाळाभर लाँग रेस्ट मिळत नाही.

मग चार महिने एका तासात संपवा. प्रत्येक खेळाडू दोन कामं सांगतो: शिकणं, शिकवणं, सेवा, चौकशी, लग्नकार्य, काहीही. २०१४च्या नियमांत नवं अवजार किंवा भाषा शिकायला २५० दिवस आणि रोज एक नाणं लागतं. चार महिन्यांचे १२० दिवस धरले तर दोन पावसाळ्यांत ते जवळजवळ पुरं होतं. राहिलेले दहा दिवस सोडून द्या. पण २५० नाणी या कॅम्पेनमध्ये कुणाकडेही नसतात, तेव्हा गुरूच्या घरचं काम करून ती फेडायची. लेव्हल न वाढणाऱ्या दुसऱ्या पावसाळ्यात हातात काहीतरी पडतं ते हे.

त्यानंतर प्रत्येकाने एक डी६ टाकायचा. एक आला तर आजार किंवा कर्ज, सहा आला तर अनपेक्षित ओळख, मधल्यांना कामाचं फळ. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ सोडतात, होड्या पाण्यात जातात, आणि ज्या वर्षी लेव्हल ठरलेली आहे त्या वर्षी ती तिथेच, सगळ्यांना एकदम. गैरहजर राहिलेल्यालाही. एकट्याला मागे ठेवण्याने कुणी नियमित येत नाही, उलट तो येणंच सोडतो.

कुठे बिघडतं

आठव्या ते बाराव्या सेशनदरम्यान एखादा खेळाडू गप्प होतो. बहुधा त्याला लढाईत नवं काही करायला मिळत नसतं. लेव्हल देऊ नका. पुढची लढाई अशा जागी ठेवा जिथे करण्यासारखं बरंच आहे: भरतीचं पाणी चढणारा धक्का, शिडाचे दोर, तेलाचे बुधले, गुडघाभर चिखलाचं खाजण. कमी लेव्हलला कॅरेक्टर शीटवर पर्याय थोडे असतात, म्हणून ते जागेने पुरवावे लागतात.

खाडीत दहाव्या लेव्हलचा किल्लेदार ठेवला तर प्रत्येक संकटाला खेळाडू त्याच्याकडे जातील, आणि ते बरोबरच आहे. सगळ्यात बलवान माणसाला बँडिट कॅप्टनचे आकडे, ६५ हिट पॉइंट, एवढंच पुरे.

मेलेल्याच्या जागी नवं कॅरेक्टर त्याच लेव्हलचं येतं, पण मानाच्या पाचही रांगांत शून्यावर. ते आधीच ओळख झालेल्या घरातलं असेल तर त्या एका रांगेत अधिक एक द्या. म्हणूनच नकाशा करतानाच प्रत्येक घरात एक भाऊ, एक भाची, मुंबईहून परतलेला एक चुलता लिहून ठेवायचा.

राहिली पाचवी लेव्हल. ३.५ आवृत्तीच्या खेळाडूंमध्ये ई६ नावाची पद्धत चालते: सहाव्या लेव्हलला वाढ थांबते आणि पुढे दर ५००० एक्सपीला फक्त एक फीट (खास कसब) मिळतो. इथे तोच दांडा चौथ्या लेव्हलला घाला आणि पुढे दर पावसाळ्याला एक फीट द्या, किंवा पाचवी देऊन टाका आणि खाडी सोडून मचवा खुल्या समुद्रात न्या. दोन्हीपैकी काय हवं ते चाळिसाव्या सेशनच्या आगोटीला, बेगमीची यादी करतानाच, टेबलावर विचारा. मचव्याला नवं शीड यादीत आलं की उत्तर मिळालं.